क्लिंगॉन भाषेची ध्वनिव्यवस्था
‘स्टार ट्रेक’ या अमेरिकी मालिकेतल्या आणि चित्रपटांतल्या क्लिंगॉन या लढवय्या परग्रहवासीयांसाठी घडवलेल्या भाषेची वर्णरचना. १९७९ च्या पहिल्या चित्रपटासाठी अभिनेते जेम्स डूहन यांनी मोजके शब्द जुळवले होते. १९८४ च्या तिसऱ्या चित्रपटासाठी भाषावैज्ञानिक मार्क ओक्रँड यांनी तेच उच्चार सामावून घेत पुरी भाषा बांधली; तिचा कोश १९८५ मध्ये निघाला.

भाषा परग्रहावरची वाटायला हवी, पण बोलणार माणसेच, असा ओक्रँड यांच्यापुढचा पेच होता. त्यामुळे त्यांनी एकही ध्वनी नव्याने काढला नाही. सगळी गंमत निवडीत आहे. मराठी वर्णमाला समोर धरली की ती लगेच दिसते. क-वर्गातून फक्त ङ घेतला, आणि तो चक्क शब्दारंभी येतो. ट-वर्गातून एकटा ड. त-वर्गात थ-च्या जवळचा ध्वनी आणि न आहेत, द नाही. अघोष-घोष जोडी (स्वरतंतू न थरथरता आणि थरथरवून म्हणायची, त-द किंवा ट-ड अशी) सहसा एकाच उच्चारस्थानी असते. इथे थ आणि ड ठेवून ती मुद्दाम फोडली आहे. श आणि स दोन्ही वगळून ष ठेवला, तोही जीभ मागे वळवून म्हणायचा खराखुरा ष. (आपण मराठीत ष लिहितो आणि बहुधा श म्हणतो.) उर्दूतला क़ आहे, शिवाय त्याचाच घशात खरखरणारा थोरला भाऊ. व्यंजने एकूण २१, स्वर ५.

साधा क नसल्यामुळे ‘क्लिंगॉन’ हे नावच क्लिंगॉनमध्ये जसेच्या तसे म्हणता येत नाही. मालिकेत ते १९६७ पासून रुजलेले होते. मूळ भाषेत त्याच्या आरंभी वेगळेच व्यंजन येते : जिभेचे टोक त-सारखे टेकवायचे आणि हवा जिभेच्या कडांनी जोरात सोडायची. मेक्सिकोतल्या नाहुआत्ल भाषेत हा ध्वनी आहे.

शब्द स्वराने सुरू होत नाही. आधी गळा क्षणभर बंद करून झटका द्यावा लागतो. निरोप घेताना म्हणायच्या ‘क़प्ला’ (यश) या शब्दाच्या शेवटीही हाच झटका आहे. रोमन लिखाणात ड आणि ष शब्दाच्या मधोमधही मोठ्या अक्षरांत लिहितात, ते इंग्रजी बोलणाऱ्या नटांना वेगळ्या उच्चाराची आठवण राहावी म्हणून. तरीही चित्रीकरणात जीभ घसरायची, आणि काही वेळा ओक्रँड ती चूकच भाषेत कायम करून टाकत.