टाळ्या, हशा आणि हॉस्पिटलचं बिल

५ जून २०१६ च्या रात्री एचबीओवरच्या ‘लास्ट वीक टुनाइट’ या विनोदी कार्यक्रमात सूत्रधार जॉन ऑलिव्हरने एक मोठं लाल बटण दाबलं आणि जवळपास ९,००० माणसांचं दवाखान्याचं देणं पुसून टाकलं. देणं सुमारे दीड कोटी डॉलरचं, त्याला पडलं जेमतेम ६०,००० डॉलरला. अमेरिकेत थकलेल्या बिलांच्या याद्या वसुली कंपन्या रद्दीच्या भावाने विकत घेतात आणि मग फोन करकरून माणसाला हैराण करतात. ऑलिव्हरच्या मंडळींनी ५० डॉलर भरून मिसिसिपीत तशीच एक कंपनी काढली. त्यांनी घेतलेली टेक्सासमधली थकबाकी इतकी जुनी होती की कोर्टात तिच्या वसुलीचा दावाही टिकला नसता. तरी ती बाजारात होतीच!

हा बाजार उभा राहिला त्याचं एक मूळ दुसऱ्या महायुद्धात आहे. १९४२ मध्ये सरकारने पगारवाढीवर लगाम घातला, तेव्हा माणसं टिकवायला मालकांनी आरोग्यविमा देऊ केला. १९५४ च्या करकायद्याने त्यावरची सवलत पक्की केली. नोकरी गेली की विमाही गेला, ही तऱ्हा तेव्हापासूनची. (एच-वन-बीवर गेलेल्या आपल्या पोरांना ती वेगळी सांगायला नको, त्यांचा तर व्हिसाही त्याच खुंटीला टांगलेला.) १९६५ मध्ये मेडिकेअर आणि मेडिकेड आलं, म्हातारे आणि गरीब यांची काही सोय झाली. बाकीचे बहुतेक जण विमा कंपन्यांच्या हवाली राहिले.

टीव्हीवरच्या राजकीय विनोदाला हा विषय उशिरा सापडला. १९७५ मध्ये सुरू झालेल्या ‘सॅटर्डे नाइट लाइव्ह’ या विनोदी कार्यक्रमात नट चेव्ही चेसने वठवलेला राष्ट्राध्यक्ष फोर्ड धडपडायचा आणि लोक त्या धडपडण्यालाच हसायचे, फोर्डच्या धोरणाशी त्याचा काही संबंध नसे. आरोग्याचं नाटक छोट्या पडद्यावर खरं रंगवलं ते विमा कंपन्यांच्या संघटनेने. राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांची सगळ्यांना आरोग्यविमा देण्याची योजना चर्चेत असताना, १९९३-९४ मध्ये, ‘हॅरी आणि लुईस’ हे मध्यमवर्गी जोडपं जाहिरातीतून घराघरांत शिरलं आणि बिलांचे कागद समोर घेऊन काळजी करू लागलं. १९९४ च्या सप्टेंबरात योजना गुंडाळली गेली. नट भाड्याचे असले तरी घाबरलेला प्रेक्षक खरा होता.

कॉमेडी सेंट्रलवर १९९६ मध्ये बातम्यांची खिल्ली उडवणारा ‘द डेली शो’ आला, १९९९ मध्ये जॉन स्टुअर्टने तो हाती घेतला. त्याची पद्धत साधी होती: पुढाऱ्याचं कालचं बोलणं आणि आजचं बोलणं शेजारीशेजारी दाखवायचं, मग गप्प बसून कॅमेऱ्याकडे बघायचं. पण १६ डिसेंबर २०१० चा भाग वेगळा निघाला. ९/११ च्या ढिगाऱ्यावर राबून फुप्फुसं गमावलेल्यांच्या उपचारांचं विधेयक सिनेटमध्ये अडलं होतं. बहुमत होतं, पण चर्चा थांबवायला लागणारी ६० मतं नव्हती. स्टुअर्टने चार आजारी माणसांना स्टुडिओत बसवलं आणि पुढारी काय म्हणतात ते त्यांनाच ऐकवलं. सहाच दिवसांत विधेयक मंजूर झालं. श्रेय एकट्या त्याचं नव्हतं. पण वृत्तवाहिन्यांनी हा विषय जवळजवळ वाऱ्यावर सोडला होता, हेही खरं.

रात्रीच्या गप्पांच्या कार्यक्रमाचा सूत्रधार जिमी किमेल तर राजकारणातला गडीच नव्हता. १ मे २०१७ ला त्याने कार्यक्रमात आपल्या नवजात मुलाच्या हृदयशस्त्रक्रियेची हकीकत रडत रडत सांगितली. ओबामांच्या २०१० च्या कायद्याने विमा कंपन्यांना जुन्या दुखण्यावर बोट ठेवून नकार द्यायला बंदी केली होती, आणि तोच कायदा मोडण्याची तेव्हा तयारी चालली होती. स्वतः डॉक्टर असलेले सिनेटर बिल कॅसिडी यांनी नव्या विधेयकासाठी ‘किमेल कसोटी’ असा शब्दच काढला: पैसे नाहीत म्हणून कुणाचं मूल उपचारावाचून राहता कामा नये. सप्टेंबरात त्यांचं विधेयक आलं, तेव्हा कॅसिडी आपल्या तोंडावर खोटं बोलले, असं किमेलने कार्यक्रमात सुनावलं. मतं जमेनात, विधेयक मतदानाला आलंच नाही.

स्टुअर्टने २०१५ मध्ये ‘डेली शो’ सोडला, तरी ढिगाऱ्यावरची माणसं त्याने सोडली नाहीत. ११ जून २०१९ ला तो संसदीय उपसमितीसमोर बसला, तेव्हा समोरच्या रिकाम्या खुर्च्या बघून त्याचा आवाज फुटला. त्याच सुनावणीत बोललेला कॅन्सरग्रस्त निवृत्त पोलिस डिटेक्टिव्ह अठरा दिवसांत गेला. जुलैत सिनेटने ९७ विरुद्ध २ मतांनी ९/११ च्या पीडितांसाठीच्या भरपाई निधीची मुदत २०९२ पर्यंत वाढवली. ढिगारा उपसताना अठरा वर्षांचा असलेला पोरगाही तोवर शंभरी ओलांडून गेलेला असेल.