इंजिनाला हात शेवटी: साध्या स्विफ्टची रॅली कार करताना

मुरुमाच्या रस्त्यावर उंचवट्यावरून गाडी उडाली आणि अर्ध्या मीटरवरून खाली आली, असं धरा. टेकताना बसणारा झटका मोजायचं गणित सोपं आहे: जेवढ्या उंचीवरून पडली, त्याला जेवढ्या अंतरात थांबली त्यानं भागायचं. सस्पेन्शनला दबायला १५ सेंटीमीटर वाव मिळाला तर ५० भागिले १५, म्हणजे सरासरी ३.३ जी (१ जी म्हणजे गाडीच्या स्वतःच्या वजनाएवढा जोर). आधीच्या खड्ड्यातून स्प्रिंग पुरती सावरलीच नसेल आणि ५ सेंटीमीटर वाव उरला असेल, तर सरळ १० जी. गाडी तीच, रस्ता तोच. पण दुसऱ्या खेपेला स्ट्रटच्या (स्प्रिंग आणि शॉकअपच्या उभ्या जोडीच्या) डोक्यावरचा पत्रा फाटतो, चेंबर (इंजिनाखालची तेलाची टाकी) दगडावर आपटतो आणि आतल्या दोघांच्या मणक्यांनाही हिसका बसतो. हौशी रॅलीसाठी गाडी बांधताना पैसे आधी कुठे घालायचे, ते या भागाकारातून कळतं. नवखे लोक मात्र हमखास इंजिनापासून सुरुवात करतात: शंकूच्या आकाराचा उघडा एअर फिल्टर (‘कोन फिल्टर’), जाड सायलेन्सर, इंजिनाच्या झडपा हलवणारा नवा कॅम. इंजिनाला हात सगळ्यात शेवटी लावावा, पहिल्या वर्षी लावूच नये.

उदाहरणाला २००५ ते २०१० या काळातली पेट्रोल स्विफ्ट घेऊ. १,२९८ सीसीचं चार सिलिंडरचं इंजिन, जेमतेम टनभर वजन, पुढे मॅकफर्सन प्रकारचे स्ट्रट, मागे दोन्ही चाकांना जोडणारा आडवा टॉर्शन बीम. सुटे भाग तालुक्याच्या गावीही मिळतात, आणि मुक्कामाच्या ठिकाणी रात्रीत लोअर आर्म (चाकाला खालून धरणारा दांडा) बदलायची वेळ येते तेव्हा या गुणाची किंमत कळते. गाडी घेताना इंजिनापेक्षा सांगाडा पाहा. स्ट्रट टॉवर (स्ट्रटचं डोकं बसतं तो भाग), दाराखालच्या पट्ट्या आणि मागच्या बीमचे रबरी बुश जिथे बसतात ती जागा गंजलेली असेल तर ती गाडी सोडून द्या. १५ वर्षं उलटलेल्या गाडीच्या नोंदणीचं नूतनीकरण झालंय का, तेही बघा.

पाना हातात घेण्याआधी त्या वर्षीची नियमपुस्तिका वाचायची. आपल्याकडे फेडरेशन ऑफ मोटर स्पोर्ट्स क्लब्ज ऑफ इंडियाचे नियम चालतात आणि सुरक्षेच्या बाबतीत ते मोटार स्पर्धांच्या आंतरराष्ट्रीय महासंघाच्या (एफआयए) ‘अपेंडिक्स जे’ या नियमावलीकडे बोट दाखवतात. स्पर्धेतला गाडीचा गट चुकीचा धरला तर चांगलं काम उपसून काढावं लागतं. मोटार वाहन कायद्याचं कलम ५२ तर आहेच: उत्पादकानं दिलेल्या मूळ तपशिलापेक्षा वेगळा बदल रस्त्यावरच्या गाडीत चालत नाही. म्हणून रोज ऑफिसला जायची गाडी आणि रॅलीची गाडी एकच ठेवायचा मोह सोडावा. त्यामागे कायद्याहून मोठं कारणही आहे. रोल केज, म्हणजे गाडी उलटली तर आतल्यांना वाचवणारा पाइपांचा पिंजरा, बसवलेल्या गाडीत हेल्मेटशिवाय बसलात, तर साध्या धडकेत डोकं थेट पोलादी पाइपवर आपटतं. नुसती चव बघायची असेल तर जशीच्या तशी गाडी घेऊन टीएसडी (टाइम-स्पीड-डिस्टन्स) रॅली करावी. तिथे वेगाऐवजी वेळेचा हिशेब लागतो.

कामाची सुरुवात उपसण्यानं होते. सीट, कार्पेट, अस्तर, मागचं बाकडं सगळं बाहेर. फ्लोअरवर चिकटवलेला डांबरी थर हीट गनने मऊ करून पत्र्यावरून खरडायचा. कंटाळवाणं काम आहे, पण त्याखाली लपलेला गंज तेव्हाच दिसतो. दारांच्या आतले आडवे दांडे वजन वाचवायच्या नादात कापू नका. पेट्रोलची टाकी उतरवून गाडीपासून लांब ठेवा, बॅटरी आणि इंजिनाचा कंट्रोलर काढून ठेवा, मगच वेल्डिंगची मशीन चालू करा. गॅल्व्हनाइज्ड पत्र्यावर वेल्डिंग करायचं असेल तर जस्ताचा थर आधी घासून काढावा. तो धूर छातीत गेला की त्याच रात्री थंडी वाजून ताप येतो.

कारखान्यात पत्र्याचे थर ठिपक्या-ठिपक्यांच्या स्पॉट वेल्डनं जोडलेले असतात. सडकेवर ते आयुष्यभर पुरतात, मुरुमावर सुटायला लागतात. म्हणून स्ट्रट टॉवर, पुढच्या चॅसिस रेल आणि बीमच्या जागा या ठिकाणी सांध्यावर २५ मिमी टाका, ५० मिमी मोकळं, अशी शिवण मारतात. एका बाजूनं सलग मारत गेलं तर उष्णतेनं सांगाडा पिळतो आणि पुढे अलाइनमेंट कधीच बसत नाही. एक टाका डावीकडे, एक उजवीकडे, मध्ये थंड होऊ द्यायचं. टॉवरच्या डोक्याला २ मिमीची चकती वाढवली की पहिला झटका सोसतो.

आता रोल केज. नियमानुसार पाइप कोल्ड-ड्रॉन सीमलेस (न तापवता ओढलेल्या, बिनजोड) कार्बन पोलादाचा हवा, ताणशक्ती चौरस मिलिमीटरला किमान ३५० न्यूटन. बाजारात त्याला सीडीएस म्हणतात. फॅब्रिकेशनवाला स्वस्तात देऊ करतो तो ईआरडब्ल्यू पाइप पट्टी गोल वळवून जोडलेला असतो; बाकावर बसायला ठीक, केजला अजिबात नाही. डोक्यामागच्या मुख्य कमानीला ४५ मिमी बाहेरचा व्यास आणि २.५ मिमी जाडी, किंवा ५० मिमी आणि २ मिमी. बाकीच्या दांड्यांना ३८ आणि २.५, किंवा ४० आणि २. यातला पहिला पर्याय निवडताना ‘जाड पाइप म्हणजे मजबूत’ असं वाटतं. हिशेब करून पाहा: ४५ चा पाइप मीटरला २.६२ किलो भरतो, ५० चा २.३७ किलो, आणि वाकण्याला विरोध मात्र ५० चाच १५ टक्क्यांनी जास्त करतो. धातू मध्यापासून जितका लांब, तितका उपयोगी. हलका पाइप जास्त ताठ, फक्त जागा थोडी जास्त खातो. साध्या सहा पायांच्या केजचं वजन चाळीस किलोच्या आसपास जातं.

पाइप वाकवताना मध्यरेषेची त्रिज्या व्यासाच्या किमान तिप्पट ठेवायची. वाकावर पाइप चपटा झालाच, तर लहान व्यास मोठ्या व्यासाच्या ०.९ पटीखाली जाता कामा नये. वाळू भरून, गरम करून वाकवलेले पाइप तपासनिसापुढे टिकत नाहीत. प्रत्येक पायाखाली ३ मिमी पोलादाची, किमान १२० चौरस सेंटीमीटरची पट्टी सांगाड्याला वेल्ड करून, केजचा पाय त्यावर किमान तीन एम ८ बोल्टनी, ८.८ ग्रेडच्या, बसवायचा. फ्लोअरचा पत्रा मिलिमीटरभरही जाड नसतो. पट्टी नसेल तर गाडी उलटल्यावर पाइप पत्र्यातून खाली घुसतो, कमान खचते आणि छप्पर डोक्यावर येतं.

छपराला चिकटून जाणाऱ्या सांध्यांना वरच्या बाजूनं वेल्डिंगचा टॉर्च पोहोचत नाही. तो अर्धा सांधा नुसता रंगवून सोडणारे कारागीर असतात. जाणकार काय करतात, तर पायांच्या जागी फ्लोअरला भोकं पाडून अख्खा केज तात्पुरता खाली सोडतात, वरचे सांधे पूर्ण गोल वेल्ड करतात, केज पुन्हा उचलून भोकांवर पट्ट्या बसवतात. वेल्ड ग्राइंडरनं घासून गुळगुळीत करू नका; दिसायला छान, पण नेमका तिथलाच धातू कमी झालेला असतो.

सीटला चार जागी आठ मिमीचे बोल्ट आणि पत्र्याखाली ३ मिमीच्या पोलादी पट्ट्या, दर बिंदूला ४० चौरस सेंटीमीटर. खांद्यांचे पट्टे सीटच्या पाठीवरून मागे जाताना आडव्या रेषेशी ४५ अंशांपेक्षा जास्त खाली उतरू नयेत. साधारण १० अंश उत्तम. खाली फ्लोअरला बांधले, तर धडकेत ते पाठीचा कणा उभा दाबतात. सीट आणि पट्टे, दोन्हींवर मुदत छापलेली असते. जुने पट्टे स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नयेत: उन्हानं पॉलिएस्टर कमजोर होतं, आणि एकदा धडकेत ताणलेला पट्टा पुन्हा तसा आवळत नाही. अग्निशामकाचं ब्रॅकेट २५ जी सोसणारं लागतं, म्हणजे चार किलोचा सिलिंडर शंभर किलोच्या जोरानं ओढला तरी हलायला नको. प्लॅस्टिकच्या क्लिपा इथे चालत नाहीत, धातूचेच पट्टे हवेत.

सस्पेन्शनमध्ये सगळ्यात जास्त चुका होतात, आणि बहुतेक एकाच दिशेनं: गाडी दगडासारखी कडक केली जाते. स्विफ्टच्या पुढच्या एका चाकावर, चाक-ब्रेकचं वजन वजा करून, तीनशे किलोच्या आसपास भार येतो. मूळ स्प्रिंगवर हा भाग सेकंदाला साधारण १.३ वेळा झुलतो असं धरलं, तर उभ्या गाडीच्या वजनानं स्प्रिंग सुमारे १४७ मिमी दबलेली असते. मिलिमीटरला साडेतीन किलोची स्प्रिंग घातली की झुलणं १.७ वर जातं आणि दाब ८६ मिमीवर येतो. मुरुमासाठी हे बरं. आणखी कडक करून २.५ वर नेलं तर दाब उरतो फक्त ४० मिमी. आता खरी गोम: उभ्या स्थितीत स्प्रिंग जेवढी दबलेली आहे, तेवढंच चाक खड्ड्यात खाली ढकललं जाऊ शकतं. ४० मिमीहून खोल खड्डा आला की चाक हवेत लोंबकळतं, टायर जमिनीला टेकत नाही, मग ना ब्रेक ना वळण. कडक गाडी चालवणाऱ्याला वेगवान वाटते, स्टॉपवॉच मात्र वेगळंच सांगतं.

उंची २५-३० मिमीनं वाढवावी, त्याहून जास्त नको. इंजिनाची ताकद चाकांना पोहोचवणाऱ्या ड्राइव्ह शाफ्टचा कोन वाढतो, त्याच्या सांध्यांवरची रबरी आवरणं (बूट) फाटतात, आणि चाक पूर्ण खाली लोंबल्यावर आतला जॉइंट सुटून बाहेर येऊ शकतो. स्ट्रट पूर्ण सोडून, स्टिअरिंग दोन्हीकडे पूर्ण फिरवून शाफ्ट हातानं हलवून बघा. टाय रॉडचा (स्टिअरिंगपासून चाकाला जाणाऱ्या दांड्याचा) कोन बदलल्यामुळे चाक वर-खाली होताना टो, म्हणजे चाकांचं आत-बाहेर वळलेलं असणं, बदलतो. उंची ठरली की अलाइनमेंट पुन्हा करायची, आधी नाही.

शॉकअपचं काम हालचालीची उष्णता करणं. दुहेरी नळीच्या साध्या शॉकअपमध्ये तेल आणि हवा एकाच जागी असतात, मुरुमावर काही किलोमीटरांत फेस होतो आणि दांडा पाण्यात ढवळल्यासारखा मोकळा चालतो. एकेरी नळीच्या प्रकारात नायट्रोजन वेगळ्या कप्प्यात दाबाखाली असतो, फेस होत नाही. मॅकफर्सन स्ट्रटची आणखी एक अडचण: बाजूचा जोरही त्याच्याच दांड्यावर येतो, आणि २०-२२ मिमीचा दांडा वाकतो. म्हणून रॅलीच्या स्ट्रटमध्ये शॉकअप उलटा बसवतात, जोर जाड नळीवर येतो. पैसे कमी असतील तर इंजिनाचे सगळे बेत रद्द करून हाच खर्च करावा.

खालच्या बाजूला ५-६ मिमी ॲल्युमिनियमचा गार्ड, चेंबरपासून दोन सेंटीमीटर तरी लांब, कारण तो वाकणारच. तेल काढायला भोक ठेवा, नाहीतर दर सर्व्हिसला अख्खा गार्ड उतरवावा लागेल. ब्रेकच्या आणि पेट्रोलच्या नळ्या गाडीच्या आतून न्यायच्या. त्या धातूच्या असाव्यात आणि आत एकही सांधा नको. इंजिनाची रबरी माउंटिंग जुनी असतील तर बदला, कारण इंजिन डोललं की गिअर सुटतो.

ब्रेकचा हिशेब उष्णतेचा. ११०० किलोची गाडी शंभरच्या वेगावरून थांबवली की सव्वाचार लाख ज्यूल ऊर्जा बाहेर पडते. पुढच्या दोन डिस्कवर त्यातली तीन लाख गेली आणि त्यांचं बीड (ओतीव लोखंड) मिळून दहा किलो धरलं, तर एका ब्रेकला तापमान ६५ अंशांनी चढतं. घाटउतारावर सलग आठ-दहा वेळा दाबा, मध्ये थंड व्हायला वेळ नसतोच. ब्रेक ऑइल मग उकळतं, वाफेचे बुडबुडे दबतात आणि पेडल फ्लोअरला टेकतं. डॉट ३ या प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २०५ अंशांना उकळतं, पाणी शोषल्यावर १४० लाच, डॉट ५.१ चे आकडे २६० आणि १८०. कोकणात, मावळात पावसाळ्यात उघडी ठेवलेली बाटली वापरू नका. प्रत्येक रॅलीआधी नवी बाटली, चारही चाकांना ब्लीडिंग, म्हणजे नळ्यांतली हवा आणि जुनं ऑइल काढणं. डॉट ५ मात्र सिलिकॉनचं असतं, नावाला भुलून मिसळू नका.

कोन फिल्टरचा विषय इथेच संपवू. बोनेटखालची ६० अंशांची हवा बाहेरच्या ३० अंशांच्या हवेपेक्षा ९ टक्के विरळ असते. आवाज वाढतो, ताकद घटते, आणि लाल धूळ आत जाते ती वेगळीच. मूळ डबा ठेवा, फिल्टर रोज बदला, तोंड पाण्याच्या उडण्यापासून वर घ्या.

किल स्विच, म्हणजे आणीबाणीत गाडीची सगळी वीज तोडणारा स्विच, बसवताना फक्त बॅटरीची तार तोडली तर इंजिन बंद पडत नाही. इंजिनावर फिरून वीज करणारा अल्टरनेटर त्याला पोसत राहतो. सहा टर्मिनलचा स्विच लागतो: एक जोडी बॅटरीची, एक इग्निशनची, एक अल्टरनेटरची उरलेली वीज ३ ओहमच्या रेझिस्टरमधून अर्थला, म्हणजे गाडीच्या सांगाड्यात, सोडणारी. तपासणीत इंजिन चालू ठेवून स्विच फिरवायला सांगतात, आणि बरेच जण तिथेच अडकतात. बाहेरचा स्विच जिथे असेल तिथे पांढऱ्या कडेचा निळा त्रिकोण, आत लाल ठिणगी.

सगळं बसलं की कच्च्या रस्त्यावर बंदोबस्तात ५० किलोमीटर चालवायची आणि गाडी उचलायची. प्रत्येक नटवर रंगाच्या पेननं बोल्टपर्यंत एक रेघ ओढून ठेवलेली असली, की कोणता सुटायला लागलाय ते पाना न लावता दिसतं. गार्ड काढून वर अडकलेले दगड झाडा, शाफ्टच्या बुटांना चीर गेलीय का बघा, ब्रेकच्या नळ्यांना कुठे घासल्याची चमक आलीय का ते हातबत्तीनं पाहा. टॉवरच्या वेल्डवरचा रंग तडकला असेल तर खालचा पत्राही तडकला असण्याची शक्यता मोठी. रंग घासून नीट बघितल्याशिवाय गाडी ट्रेलरवर चढवू नका.