मुद्दाम बंद ठेवलेली नळी

चवथीच्या आरत्या आटोपल्यावर सोप्यावर बसलो होतो, तेव्हा शेजारणीने मोबाइल पुढे केला. चीनमधली चित्रफीत. मुलाला न ओळखणारी म्हातारी मानेची शस्त्रक्रिया झाल्यावर चार दिवसांत त्याला नावाने हाक मारते. शेजारणीच्या सासूबाईंना अल्झायमर आहे. रोज तिन्हीसांजेला "घरी जाऊया" म्हणत त्या स्वतःच्याच घराच्या पायऱ्या उतरू लागतात. "गोमेकॉत, आपल्या गोवा मेडिकल कॉलेजात, करतात का हो हे?" तिने विचारले.

शस्त्रक्रियेमागची कल्पना खुळी नाही. मेंदूतला टाकाऊ माल भोवतीच्या द्रवाबरोबर वाहतो आणि त्यातला काही मानेतल्या लसीका ग्रंथींत, म्हणजे शरीरातला जादा द्रव गाळणाऱ्या गाठींत, उतरतो. अल्झायमरमध्ये साचणारे अमायलॉइड हे प्रथिनही त्यातलेच. मग मानेतली केसासारखी बारीक लसीकावाहिनी सूक्ष्मदर्शकाखाली शेजारच्या शिरेला जोडली, तर निचरा वाढेल, असा हिशेब. चीनमध्ये कितीतरी रुग्णालयांनी हे सुरूही केले. जुलै २०२५ मध्ये तिथल्याच राष्ट्रीय आरोग्य आयोगाने अल्झायमरसाठी ही शस्त्रक्रिया करायला मनाई केली, कारण ती उपयोगी आणि सुरक्षित असल्याचा भक्कम पुरावा नव्हता.

मग चित्रफितीतल्या म्हातारीचे काय? पणजीत जुन्या सचिवालयाशेजारी आबे फारिया यांचा पुतळा आहे, समोरच्या बाईवर हात पसरलेला. १७५६ साली कांदोळीत जन्मलेल्या या पाद्रीने पॅरिसमध्ये ठासून सांगितले, की मोहनिद्रा (संमोहन) माझ्या हातातून वाहणाऱ्या शक्तीने येत नाही, ती समोरच्याच्या मनातून येते. अपेक्षेची ताकद ती हीच. अल्झायमरमध्ये मात्र तिला एक वेगळाच पीळ बसतो. आपली शस्त्रक्रिया झाली, हे रुग्ण विसरूही शकतो. रुग्णात फरक पडला का, या प्रश्नावलीची उत्तरे देणारा मुलगा विसरत नाही. सुधारणा दिसावी म्हणून तो डोळ्यांत तेल घालून बसलेला असतो.

अल्झायमरसाठी मेंदूतला द्रव काढून टाकायचा प्रयोग अमेरिकेत आधीच झाला होता. मेंदूच्या पोकळीतून पोटापर्यंत बारीक नळी घालायची. पहिल्या छोट्या अभ्यासात २९ रुग्ण होते. नळी घातलेले टिकून राहिल्यासारखे दिसले, बाकीचे ढासळले. पण त्या बाकीच्यांवर शस्त्रक्रियाच झाली नव्हती, म्हणजे कोण कुठल्या गटात ते घरच्यांना ठाऊक होते. पुढच्या चाचणीत २१५ जण घेतले आणि सगळ्यांना नळी बसवली, फक्त काहींची मुद्दाम बंद ठेवली. कोणाची बंद, ते रुग्णालाही माहीत नाही आणि तपासणाऱ्यालाही नाही. नऊ महिन्यांनी दोन्ही गट सारखेच. २००८ मध्ये हा निकाल छापून आला.

उपचार न करता माणसाच्या डोक्यात नळी घालायची, हे ऐकून अंगावर काटा येतो. मलाही आला. पण ही क्रूरता टाळली असती, तर निरुपयोगी नळी हजारोंच्या डोक्यात गेली असती.

निकाल नकारार्थी आला म्हणजे मूळ कल्पना खोटी ठरली, असेही नाही. चेतापेशींना जगवणाऱ्या प्रथिनाचे जनुक विषाणूवर लादून मेंदूत सोडण्याची चाचणी अल्झायमरच्या ४९ रुग्णांवर झाली. तुलनेच्या गटाच्या कवटीला नुसती अर्धवट भोके पाडली होती. फायदा दिसला नाही. पुढे मरण पावलेल्या रुग्णांचे मेंदू तपासले, तर औषध नेमक्या पेशींपर्यंत पोचलेच नव्हते.

त्याच २००८ साली आपल्या गोव्यातल्या एका चाचणीचा निकालही आला. ८१ कुटुंबे, सहा महिने. स्मृतिभ्रंश झालेल्यांच्या घरी प्रशिक्षित कार्यकर्ते जात, आजार समजावत, रुग्णाच्या वागण्याला कसे सामोरे जायचे ते सांगत. सांभाळणाऱ्यांचे मानसिक स्वास्थ्य सुधारले. मात्र इथे बंद नळीची सोय नाही. घरी कोणी येते की नाही, हे कुटुंबाला कळणारच. तेव्हा या निकालातही अपेक्षेचा वाटा किती, हे वेगळे काढता येत नाही, असे मी शेजारणीला म्हटले.

"नसेना का," ती म्हणाली. "कोणीतरी येतं ना पण?"