जानेवारीची हवा आणि चामड्याचा चेंडू

टेनिसचा एक चेंडू रात्रभर फ्रीझरमध्ये ठेवा. सकाळी तो बाहेर काढून लगेच फरशीवर टाका, आणि शेजारी तसाच दुसरा, बाहेर राहिलेला चेंडू तेवढ्याच उंचीवरून सोडा. बाहेरचा चेंडू गुडघ्याच्या वर उसळेल. फ्रीझरमधला मात्र मलूल टप्पा घेईल, आणि त्याचा आवाजही निराळा, लाकडावर टिचकी मारल्यासारखा येईल. घरातला फ्रीझर साधारण उणे १८ अंश सेल्सिअसला चालतो. १३ जानेवारी २०२४ च्या संध्याकाळी अमेरिकेतल्या कॅन्सस सिटीच्या उघड्या मैदानावर तापमान उणे २० होतं, आणि त्या थंडीत मायामी डॉल्फिन्स आणि कॅन्सस सिटी चीफ्स हे अमेरिकन फुटबॉलचे दोन संघ तीन तासांहून अधिक वेळ खेळले. मैदानच फ्रीझर झालेलं होतं.

जानेवारीच्या दुसऱ्या आठवड्यात अमेरिकन फुटबॉलच्या व्यावसायिक लीगचे, म्हणजे एनएफएलचे बाद फेरीचे सामने सुरू होतात. ३२ संघ, प्रत्येकाचे १७ साखळी सामने, त्यातून १४ संघ पुढे. दोन्ही गटांतल्या अव्वल संघांना पहिल्या आठवड्यात विश्रांती, उरलेल्या बारांचे सहा सामने शनिवार ते सोमवार. याला ‘वाइल्ड कार्ड वीकेंड’ म्हणतात. पुढच्या शनिवार-रविवारी चार सामने, मग दोन, मग अंतिम सामना, म्हणजे सुपर बोल. इथे तीन किंवा सात सामन्यांची मालिका नसते. एक सामना हरलात की हंगाम संपला. अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर शनिवारी दुपारी साडेचारला सुरू होणारा सामना आपल्याकडे रविवारी पहाटे तीनला लागतो, त्यामुळे भारतात बसून पाहणाऱ्याला झोपेचा हिशोब करावा लागतो. तरीही मी सांगेन, पाहा. भौतिकशास्त्र इतक्या उघडपणे खेळताना क्वचितच दिसतं.

साखळीत जो संघ वर असतो त्याला सामना आपल्या घरी मिळतो. ग्रीन बे, बफेलो, शिकागो, कॅन्सस सिटी, बॉस्टनजवळचं फॉक्सबरो ही मैदानं उत्तरेची आणि उघडी आहेत. मायामीत जानेवारीतसुद्धा अर्ध्या बाह्यांचा सदरा चालतो. तिथला संघ विमानाने उतरतो तो थेट गोठलेल्या गवतावर. त्या रात्री चीफ्स २६-७ असे जिंकले. सगळं श्रेय थंडीला देणं अन्यायाचं होईल, पण थंडी तटस्थ राहिली असंही म्हणता येणार नाही.

आता चेंडूकडे येऊ. दोन्ही टोकांना निमुळता, सुमारे २८ सेंटिमीटर लांब, ४०० ग्रॅमच्या आसपास वजनाचा. अमेरिकेत त्याला लाडाने ‘डुकराचं कातडं’ म्हणतात, पण तो असतो गाईच्या चामड्याचा. ओहायो राज्यातल्या एडा नावाच्या छोट्या गावात १९५५ पासून तो शिवला जातो. आत पॉलियुरेथेनचा फुगा. नियमाप्रमाणे त्यातला दाब प्रति चौरस इंच १२.५ ते १३.५ पौंड असावा लागतो. सामन्याआधी पंच तो उबदार खोलीत मोजतात आणि मग चेंडू बाहेर थंडीत जातात.

गडबड इथेच होते. मापकाचा काटा दाखवतो तो बाहेरच्या हवेपेक्षा जास्तीचा दाब. बाहेरची हवा स्वतःच प्रति चौरस इंच १४.७ पौंडांनी दाबत असते. म्हणजे १२.५ दाखवणाऱ्या चेंडूच्या आत खरा दाब २७.२ पौंडांचा असतो. बंद जागेतल्या वायूचा दाब त्याच्या निरपेक्ष तापमानाच्या प्रमाणात बदलतो, हे आपण शाळेत शिकलो. खोलीचे २१ अंश म्हणजे २९४ केल्विन, कॅन्सस सिटीचे उणे २० म्हणजे २५३. त्रैराशिक मांडा. आतला दाब २३.४ वर येतो, आणि मापकाचा काटा पावणेनऊच्या आसपास थांबतो. कोणीही हवा सोडलेली नाही, कुठेही पंक्चर नाही, तरी चेंडू नियमाच्या पार खाली. थंडीच्या दिवसांत सकाळी सायकलचं चाक किंचित बसलेलं वाटतं ते याचमुळे.

या साध्या त्रैराशिकावरून अमेरिकेत केवढं रामायण झालं! १८ जानेवारी २०१५, फॉक्सबरो. न्यू इंग्लंड पेट्रियट्सनी इंडियानापोलिस कोल्ट्सना ४५-७ असं हरवलं. मध्यंतरात पेट्रियट्सचे चेंडू मोजले तर ते १२.५ च्या खाली भरले. या खेळात प्रत्येक संघ आक्रमण करताना आपापले चेंडू वापरतो, त्यामुळे संशय सरळ त्यांच्यावर गेला. मऊ चेंडू पकडीला सोपा, म्हणून मुद्दाम हवा काढली असा आरोप झाला. बाहेर तेव्हा साधारण ९ अंश तापमान होतं. वरचंच गणित केलं तर काटा ११.४ वर यायला हवा. दोन मापकांवरच्या सरासऱ्या काय आल्या? एकावर ११.४९, दुसऱ्यावर ११.११. एका मापकाचं ऐकलं तर निसर्गाने केलं तेवढंच झालंय, दुसऱ्याचं ऐकलं तर थोडी हवा कमी आहे. शिवाय आत आणलेला चेंडू मिनिटामिनिटाला गरम होतो आणि काटा वर सरकतो, त्यामुळे मोजायला कोणता चेंडू आधी घेतला आणि कोणता नंतर, यावरही आकडा बदलतो. या वेळांची नोंद नव्हती. सामन्याआधीचे आकडेही कोणी लिहून ठेवले नव्हते. लीगने नेमलेल्या चौकशीने केवळ भौतिकशास्त्राने सगळी घट समजत नाही असा निष्कर्ष काढला, अनेक वैज्ञानिकांनी तो अमान्य केला. पेट्रियट्सचा क्वार्टरबॅक, म्हणजे आक्रमणात चेंडू फेकणारा खेळाडू, टॉम ब्रेडी याला चार सामन्यांची बंदी झाली आणि संघाला दहा लाख डॉलरचा दंड. मला यातली खरी चूक मोजमापाची वाटते. तापमान आणि वेळ न लिहिता घेतलेला दाबाचा आकडा अर्धवट असतो, आणि अर्धवट आकड्यावर कोणाच्या सचोटीचा निवाडा करू नये.

प्रक्षेपणात वारंवार ‘विंड चिल’चा, म्हणजे वाऱ्यामुळे जाणवणाऱ्या थंडीचा आकडा झळकतो. कॅन्सस सिटीत त्या रात्री तो उणे ३३ होता. हा आकडा त्वचेसाठी आहे, चेंडूसाठी नाही. शरीराभोवती स्वतःच्या उबेने तापलेला हवेचा पातळ थर असतो. वारा तो उडवून नेतो, म्हणून उघडी कातडी जास्त झपाट्याने थंड पडते. चेंडूला स्वतःची ऊब नसते. वाऱ्यात तो लवकर गार होईल, पण उणे २० च्या खाली जाणार नाही. माणसाचं मात्र तसं नाही. हृदय-फुफ्फुसांची ऊब राखण्यासाठी शरीर बोटांच्या रक्तवाहिन्या आवळतं, मज्जातंतूंमधले संदेश मंदावतात आणि बोटं बधिर होतात. एवढ्या विंड चिलमध्ये उघडी त्वचा अर्ध्या तासात गोठू शकते. त्या सामन्याला आलेल्या काही प्रेक्षकांची हाता-पायांची बोटं पुढे कापावी लागली. खेळाडू निदान पळत असतात आणि बाजूला तापवलेले बाक असतात. प्रेक्षक तासन्‌तास एका जागी बसलेला असतो.

बोटांच्या या बधिरपणाचा परिणाम हवेत दिसतो. क्वार्टरबॅक चेंडू फेकतो तेव्हा तो लांब अक्षाभोवती सेकंदाला साधारण दहा गिरक्या घेतो. हाच तो ‘स्पायरल’. त्यात एक कोडं आहे. फिरणारी वस्तू आपल्या अक्षाची दिशा सोडत नाही असं म्हणतात. मग वर टोक करून फेकलेला चेंडू खाली येतानाही टोक वरच धरून यायला हवा. प्रत्यक्षात तो कमानीच्या बरोबरीने टोक खाली झुकवत येतो आणि रिसीव्हरच्या, म्हणजे तो झेलणाऱ्या खेळाडूच्या हातात नाकावर उतरतो. हवेने टोक ढकललं म्हणून असं म्हणावं, तर तीच हवा न फिरणाऱ्या चेंडूला कोलांट्या खायला लावते.

याचं उत्तर भोवऱ्यात आहे. जाळी ओढून सोडलेला भोवरा तिरका झाला की गुरुत्वाकर्षण त्याला पाडायला बघतं, पण तो पडत नाही. त्याचा माथा बाजूला सरकत सरकत गोल डुलू लागतो. फिरणाऱ्या वस्तूला वाकवायला गेलं की ती ढकललेल्या दिशेला न वाकता काटकोनात वळते. चेंडूच्या बाबतीत गुरुत्वाकर्षणाच्या जागी हवा येते. हवा नाक वर ढकलते, नाक वर न जाता बाजूला वळतं, आणि असं वळत वळत ते चेंडूच्या प्रवासाच्या दिशेभोवती छोटी वर्तुळं काढत राहतं. प्रवासाची दिशा खाली वाकत जाते, तसं वर्तुळांचं केंद्रही खाली वाकतं आणि नाक त्याच्यामागे जातं. रिचर्ड प्राइस, विल्यम मॉस आणि टिम गे या तीन भौतिकशास्त्रज्ञांनी २०२० मध्ये हे गणित सविस्तर मांडलं. उजव्या हाताने फेकलेला चेंडू थोडा उजवीकडे सरकतो, तोही याच डुलण्यामुळे. थंडीने कडक आणि गुळगुळीत झालेल्या चामड्यावर बधिर बोटांची पकड सुटली की गिरक्या कमी पडतात आणि डुलणं मोठं होतं. मंद गतीच्या पुनर्दर्शनात चेंडूचं मागचं टोक बघा, तिथे ते लगेच ओळखू येतं.

पायाने मारलेल्या चेंडूला हे सुख नाही. फील्ड गोलचा, म्हणजे गोलाच्या खांबांमधून घालवण्यासाठी मारलेला चेंडू टोकावर टोक कोलांटत जातो, त्यामुळे हवेचा अडथळा त्याला जास्त. त्यात उणे २० ची हवा २० अंशांच्या हवेपेक्षा सुमारे १६ टक्के दाट असते. उलट डेन्व्हर समुद्रसपाटीपासून १६०९ मीटरवर, तिथली हवा विरळ. जेसन एलमने १९९८ मध्ये आणि सेबॅस्टियन जानिकोव्स्कीने २०११ मध्ये तिथेच ६३ यार्डांवरून गोल मारले, आणि मॅट प्रेटरने २०१३ मध्ये ६४ यार्डांचा त्या काळचा विक्रम केला तोही तिथेच. थंडीत किकरचं दुसरं दुखणं टेनिसच्या चेंडूसारखंच. दाब उतरलेला, रबर आखडलेलं, त्यामुळे पायाने दिलेली ऊर्जा चेंडू पुरती परत करत नाही. म्हणून १९ जानेवारी २००२ ची पेट्रियट्सचा किकर ॲडम विनातिएरी याची किक माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. फॉक्सबरोत बर्फ पडतंय, सामना संपायला अर्धं मिनिटही उरलेलं नाही, टेकवायचा पाय कधी घसरेल याचा नेम नाही, आणि त्याने ४५ यार्डांवरून चेंडू खांबांमधून घालवला. पेट्रियट्सनी बरोबरी साधली आणि जादा वेळेत १६-१३ असे जिंकले.

हेल्मेटची गोष्ट थोडक्यात. थंडी पडली की बाटलीतलं खोबरेल थिजतं, कारण त्यातल्या रेणूंची हालचाल मंदावते. प्लास्टिक थिजत नाही, पण त्याच्या लांब साखळ्यांची लवचीकता कमी होते. उबेत जो धक्का वाकून सोसला असता तो गारठ्यात तडा देतो. कॅन्सस सिटीच्या त्याच सामन्यात चीफ्सचा क्वार्टरबॅक पॅट्रिक महोम्स याच्या हेल्मेटचा पुढचा तुकडा टकरीत उडाला. राखीव हेल्मेट आणलं तर तेही बाहेर पडून गारठलेलं, डोक्यात घालताना त्रास झाला.

बफेलोचं प्रकरण निराळं. तिथे नुसती थंडी नसते, शेजारी ईरी सरोवर असतं. ३८८ किलोमीटर लांब, आणि बफेलो बरोबर त्याच्या पूर्व टोकाला. उन्हाळ्यात तापलेलं पाणी जानेवारीतही अनेकदा गोठलेलं नसतं. त्यावरून लांबीच्या दिशेने गार वारा सुटला की तो वाटेत वाफ आणि ऊब उचलत येतो आणि किनाऱ्यावर सगळं बर्फ करून टाकतो. जानेवारी २०२४ मध्ये पिट्सबर्गविरुद्धचा सामना त्यामुळे रविवारचा सोमवारवर गेला. क्लबने तासाला २० डॉलर देऊन लोकांना फावडी घेऊन बोलावलं, तरी प्रेक्षकांना आपल्या खुर्च्या स्वतःच उकराव्या लागल्या. सरोवर पुरतं गोठलं की हा कारखाना बंद पडतो, कारण मग वाफच मिळत नाही.

आणि मैदान? त्यासाठी ३१ डिसेंबर १९६७ कडे जायला हवं. ग्रीन बेचं लॅम्बो फील्ड, तापमान उणे २५, समोर डॅलस काउबॉईज. प्रशिक्षक विन्स लोम्बार्डी यांनी गवताखाली विजेच्या तारांची तापयंत्रणा बसवून घेतली होती. ती त्या दिवशी निकामी ठरली. वरचं आच्छादन काढल्यावर खालची ओल उघड्यावर आली आणि मैदान काचेसारखं झालं. पंचांच्या धातूच्या शिट्ट्या ओठांना चिकटल्या, कारण धातू ऊब झटकन ओढून घेतो आणि ओठांवरची ओल जागच्या जागी गोठते. शिट्ट्या सोडून त्यांनी ओरडून सामना चालवला.

१६ सेकंद उरली होती. ग्रीन बे १४-१७ असे मागे, गोलरेषा एक यार्डही दूर नाही, खेळ थांबवण्याची शेवटची संधीही वापरून झालेली. आधीच्या दोन प्रयत्नांत पळणाऱ्याचे पाय सुटत होते, कारण बुटांचे खिळे गोठलेल्या जमिनीत रुततच नव्हते. पळत येऊन चेंडू घ्यायचा आणि वळायचं तर घर्षण लागतं, आणि तेच नव्हतं. क्वार्टरबॅक बार्ट स्टार कडेला जाऊन लोम्बार्डींशी बोलला. तो स्वतः रेषेच्या अगदी मागे उभा असायचा, त्याला पळावं लागणार नव्हतं, वळावंही लागणार नव्हतं. त्याने चेंडू कोणालाच दिला नाही. पोटाशी धरून तो सहकारी जेरी क्रेमरच्या पाठोपाठ सरळ पुढे पडला, रेषेच्या पलीकडे. ग्रीन बे २१, डॅलस १७.