जोडारी, कातारी, संधाता: कार्यशाळेतल्या मराठीची पार्श्वभूमी

आयटीआयच्या प्रवेशफेऱ्या सुरू झाल्या की यादीत जोडारी, कातारी, संधाता, वीजतंत्री, तारतंत्री ही नावे दिसतात. नाशिकच्या सातपूर-अंबड औद्योगिक वसाहतींत कारखान्याच्या गेटवर मात्र पाटी लागते ती 'फिटर, टर्नर, वेल्डर पाहिजेत' अशी. प्रमाणपत्रावरचा धंदा आणि पाटीवरचा धंदा एकच, हे पोराला बरेचदा दुसऱ्याकडून कळते.

जुना काळ थोडक्यात. नाशिकचे तांबट आणि येवल्याचे पैठणी विणणारे यांची विद्या बघून आणि हात चालवून पुढे गेली; कागद आडवा आला नाही. नाशिकरोडचा सरकारी छापखाना १९२५ चा. खरा बदल १९६० च्या दशकात झाला. ओझरला विमानांचा कारखाना आला, सातपूरला औद्योगिक वसाहत उभी राहिली आणि मराठी शाळेतून आलेल्या हातांत इंग्रजी ड्रॉइंग पडले. मापेही बदलत होती. मेट्रिक पद्धतीचा कायदा १९५६ चा, पण सुतार-लोहार इंचाचे आठ सूत (एक सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) मोजत होते आणि अजूनही मोजतात.

१९६० साली राज्याने भाषेसाठी स्वतंत्र संचालनालय काढले. १९६१ चा केंद्रीय कायदा मराठीत 'शिकाऊ उमेदवारी'चा झाला आणि हा शब्द रुळला. व्यवसायांच्या नावांचे तसे झाले नाही. 'कातारी' मुळात लाकूड कातणारा, म्हणजे जिवंत शब्द. लेथ म्हणजे कातयंत्रावर धातू कातणाऱ्याला तो चपखल बसतो. 'जोडारी' ऐकताच कळतो. 'संधाता' मात्र संस्कृत 'संधान'वरून घडवलेला. धातू जोडण्यासाठी मराठीत 'डाख देणे' होतेच, मग नवा शब्द कशाला, असा आक्षेप घेतला जातो. तो अर्धाच बरोबर आहे. डाखात मूळ धातू वितळत नाही, मधला मिश्रधातू वितळून चिकटतो. वेल्डिंगमध्ये सहसा दोन्ही कडा वितळून एकजीव होतात. तेव्हा 'डाख' नाकारणे तंत्राच्या दृष्टीने योग्यच होते. प्रश्न इतकाच की वेल्डर वापरणारच नाही असा शब्द घडवून काय साधले. राज्याच्या भाषेत प्रमाणपत्र हवे, हा दुसऱ्या बाजूचा मुद्दाही हलका नाही.

आमच्या मते हा वाद नामांभोवती घुटमळला, आणि नुकसान वाक्यात झाले. १९८६ साली मद्रासला आयटीआयच्या पाठ्यसामग्रीसाठी केंद्रीय संस्था निघाली: व्यवसायाचे तत्त्व, प्रात्यक्षिक, कार्यशाळा गणित, अभियांत्रिकी चित्रकला अशी मांडणी झाली. नाम कुठल्याही भाषेत चालते. चक, टूल पोस्ट हे लेथचे भाग किंवा कानस, शेगडा ही हत्यारे यांत कोणी अडत नाही. अडते ते 'नॉट एक्सिडिंग' (पेक्षा जास्त नको), 'अनलेस' (नसेल तर), 'प्रायर टू' (च्या आधी) इथे. ग्राइंडरचा टूल रेस्ट (जॉब टेकवायची पट्टी) आणि चाक यांत फट ३ मिमीपेक्षा जास्त नको, असा नियम आहे. फक्त आकडा लक्षात राहिलेला मुलगा पहिल्या दिवशी ३ मिमी लावतो आणि विसरतो. चाक झिजते, फट वाढते, जॉब आत खेचला जातो आणि चाक फुटते. 'फट सुतापेक्षा कमीच ठेव, चाक झिजेल तसा रेस्ट पुढे घे' एवढे सांगितले की काम भागते, कारण एक सूत म्हणजे ३.१७५ मिमी, ३ मिमीहून जरासे जास्त.

अक्षराचेही तसेच. फिलेट वेल्डच्या (काटकोनातल्या दोन पट्ट्यांच्या कोपऱ्यात भरलेल्या त्रिकोणी सांध्याच्या) चिन्हात 'ए ५' म्हणजे थ्रोट, म्हणजे कोपऱ्यापासून सांध्याची जाडी, ५ मिमी; 'झेड ५' म्हणजे लेग, म्हणजे त्रिकोणाची पट्टीलगतची बाजू, ५ मिमी. 'ए ५' साठी लेग साधारण ७ मिमी भरावा लागतो. लेग ५ चाच भरला तर थ्रोट जेमतेम ३.५ मिमी मिळतो, म्हणजे सांधा ३० टक्के अशक्त. दिसायला तो सुबक असतो. दृश्यांच्या मांडणीतही हीच गफलत होते: आपल्याकडे प्रथम कोन पद्धतीत वरचे दृश्य समोरच्या दृश्याच्या खाली काढतात, अमेरिकी ड्रॉइंगमध्ये वर. कोणती पद्धत ते सांगणारे कोपऱ्यातले कापलेल्या शंकूचे चिन्ह न बघता काम सुरू केले की भोक उलट्या बाजूला पडते.

हे वाचन कुठल्याच 'साक्षर' या व्याख्येत बसत नाही. जनगणनेत ७ वर्षे आणि त्यावरील व्यक्तीला कोणत्याही एका भाषेत समजून लिहिता-वाचता आले की ती साक्षर. १९७८ च्या प्रौढशिक्षण कार्यक्रमात 'कार्यात्मक' हा शब्द होता, १९८८ च्या साक्षरता अभियानातही होता. २०२२ पासूनच्या साक्षरता कार्यक्रमात व्यवसाय कौशल्य हा पाच घटकांपैकी एक आहे, पण १५० गुणांची परीक्षा वाचन, लेखन आणि संख्याज्ञान यांचीच. आयटीआयच्या प्रवेशाला संधात्याला आठवी उत्तीर्ण चालते, जोडाऱ्याला दहावी. २००९ च्या शिक्षण हक्क कायद्याने २०१९ च्या दुरुस्तीपर्यंत आठवीपर्यंत नापास करणे थांबवले होते; त्या काळातला आठवीचा दाखला वाचनाची हमी नव्हता. सुरगाणा-पेठ या आदिवासी तालुक्यांतल्या मुलाची गोष्ट याहून अवघड: घरी कोकणा बोली, शाळेत प्रमाण मराठी, पुस्तकात हिंदी, ड्रॉइंगवर इंग्रजी. त्यात आयटीआयच्या परीक्षेत उत्तीर्ण व्हायला प्रात्यक्षिकात ६० टक्के लागतात, तत्त्वाच्या पेपरात ३३. हाताने वर आलेला मुलगा लेखी पेपरात कशामुळे मागे पडला, हे गुणपत्रिका सांगत नाही.

निफाड-दिंडोरीच्या द्राक्षबागांत गोष्ट वेगळी घडली. खरड छाटणी, गोडी छाटणी हे शब्द बागेतलेच. जीए (वाढ करणारे संजीवक), सीसीसी (वाढ रोखणारे रसायन), पीपीएम (दशलक्ष भागांत किती भाग) हे शब्द बाहेरून आले आणि तसेच राहिले. १० पीपीएम म्हणजे १०० लिटर पाण्याला १ ग्रॅम, हा हिशेब बागेत तोंडपाठ असतो. जीएची पावडर थेट पाण्यात नीट विरघळत नाही, आधी अल्कोहोलमध्ये विरघळवावी लागते, हेही कोणी विसरत नाही. २०१० साली सीसीसीच्या अंशामुळे युरोपात माल अडकला. तेव्हापासून फवारणीची वही लिहिणे, डब्यावरचा लाल, पिवळा, निळा, हिरवा त्रिकोण पाहणे आणि काढणीपूर्व दिवस मोजणे ही निर्यातीच्या बागेची रोजची कामे झाली. त्या वहीतली रसायनांची नावे इंग्रजीच आहेत, आणि 'काढणीआधी इतके दिवस मारायचे नाही' हे वाक्य मराठी.