जवळ असणं आणि चालता येणं

दाट वस्तीच्या शहराबद्दल एक वाक्य फार सहज बोललं जातं: "इथं सगळं चालत जाण्याच्या अंतरावर आहे." वाक्य बहुतेक वेळा खरंच असतं. गफलत होते ती पुढच्या पायरीवर, जेव्हा त्यावरून 'म्हणजे हे शहर चालण्यासाठी चांगलं आहे' असं ठरवलं जातं. दवाखाना किती लांब आहे हे नकाशा सांगतो. तिथवर सत्तरीतली बाई एकटी, न घाबरता पोचेल का, हे रस्त्यावर उतरल्याशिवाय कळत नाही. अभ्यासातसुद्धा या दोन गोष्टी 'वॉकेबिलिटी' (चालण्याजोगेपणा) या एकाच शब्दाखाली जातात, म्हणून त्या आधी वेगळ्या करून पाहू.

जवळपणा मोजायची साधनं आता चांगली रुळली आहेत. शहररचनेचे अभ्यासक लॉरेन्स फ्रँक आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये मांडलेला वॉकेबिलिटीचा निर्देशांक बराच वापरला जातो. त्यात चार गोष्टी येतात: घरांची घनता, जमिनीच्या वापरातली सरमिसळ (घरं, दुकानं, कचेऱ्या एकाच भागात असणं), चौकांची घनता, आणि दुकानांचं बांधीव क्षेत्र त्यांच्या जमिनीच्या मानाने किती. दुकानापुढे मोकळं वाहनतळ पसरलेलं असेल तर हे शेवटचं प्रमाण घसरतं, त्यामुळे गाडीवाल्यांसाठी बांधलेला बाजार आपोआप ओळखू येतो. चौकांना या सूत्रात दुप्पट वजन आहे.

चौकांना इतकं महत्त्व का, हे अमेरिकेतली दोन शहरं शेजारी ठेवली की लगेच कळतं. पोर्टलंडच्या मध्यभागात दोन रस्त्यांमधला भूखंड २०० फुटांचा आहे, सॉल्ट लेक सिटीत ६६० फुटांचा. दोन्हीकडे रस्ते काटकोनात, आखीव. पण रस्त्यांची रुंदी धरून हिशेब केला, तर सॉल्ट लेकमध्ये जिथे एक चौक येतो तेवढ्या जागेत पोर्टलंडमध्ये आठ-नऊ चौक बसतात. म्हणजे वळायला, वाट बदलायला, रस्ता ओलांडायला तेवढ्या जास्त जागा. समोर दिसणाऱ्या दुकानात जाण्यासाठी लांबचा वळसा पडत नाही.

वळशावरून आणखी एक चूक आठवते. घराभोवती ४०० मीटरचं वर्तुळ काढायचं आणि आतलं सगळं 'जवळ' मानायचं, ही पद्धत अजूनही दिसते. पण माणूस पक्ष्यासारखा सरळ रेषेत जात नाही. अगदी बारीक विणीच्या, काटकोनी रस्त्यांच्या जाळ्यातसुद्धा ४०० मीटर चालून वर्तुळाचा जेमतेम ६४ टक्के भाग गाठता येतो. मध्ये रेल्वेमार्ग, नाला किंवा कुंपणाची वसाहत आली तर आणखी कमी. तेव्हा जवळपणा मोजायचा असेल तर निदान रस्त्यांच्या जाळ्यावरून मोजावा.

एवढं सगळं नीट केलं तरी दाट शहरात हा निर्देशांक हात टेकतो. तो घडला पसरट शहरांच्या माहितीवर, जिथे एका उपनगरात चार किलोमीटरवर दुकान असतं आणि दुसरीकडे चार मिनिटांवर. दाट शहरात घनता सगळीकडे, सरमिसळ सगळीकडे, चौक पावलोपावली. सगळ्याच वस्त्यांना पैकीच्या पैकी गुण मिळाले, तर त्या परीक्षेतून काय कळणार? इथे फरक पडतो तो दुसऱ्या गोष्टीने, म्हणजे प्रत्यक्ष रस्त्याने.

रस्त्याचं मोजमाप कष्टाचं आहे. ते एकेका तुकड्याचं, दोन्ही बाजूंनी चालून करावं लागतं. फूटपाथची रुंदी आराखड्यात तीन मीटर लिहिलेली असते. त्यातून दिव्याचा खांब, विजेची पेटी, झाडाचा ओटा, उभ्या केलेल्या दुचाकी वजा करा. शिवाय भिंतीला घासून कोणी चालत नाही, तेही अंतर जातं. उरतो तो कधी मीटरभर, कधी तेवढाही नाही. व्हीलचेअरला साधारण ९० सेंटिमीटर लागतात. पूर्ण पट्ट्यात एकाच ठिकाणी ६० सेंटिमीटर उरले असतील, तर त्या माणसासाठी तो संपूर्ण फूटपाथ बंदच आहे. म्हणून माझ्या मते सरासरी रुंदीची नोंद जवळपास निरुपयोगी आहे, सगळ्यात अरुंद जागेची नोंद हवी.

रस्ता ओलांडण्याचंही तसंच. इंग्लंडमधल्या ६५ वर्षांवरच्या लोकांच्या चालण्याचा एक अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध झाला. सिग्नलची वेळ ठरवताना चालणाऱ्याचा वेग सेकंदाला १.२ मीटर धरलेला होता. प्रत्यक्षात पुरुषांचा सरासरी वेग निघाला ०.९ मीटर आणि स्त्रियांचा ०.८. आता २४ मीटर रुंद रस्ता घ्या. १.२च्या हिशेबाने २० सेकंद पुरतात, पण ०.८च्या वेगाला ३० लागतात. शेवटची दहा सेकंदं ती बाई सुटलेल्या वाहनांसमोर असते. पलीकडचं औषधाचं दुकान तिच्यापासून २४ मीटरवर आहे, जवळपणाच्या कोष्टकात त्याला पूर्ण गुण आहेत, आणि ती मात्र तिकडे जाणं सोडून देते.

इथे कोणीतरी हमखास म्हणतं, "रस्त्यावर इतकी माणसं चालताहेत, म्हणजे चालता येतंच आहे की." हा युक्तिवाद मला सगळ्यात धोक्याचा वाटतो. दुसरा पर्याय नसलेला माणूस वाईट रस्त्यावरूनही चालतो, कारण त्याला कामावर जायचं असतं. रस्त्यावरच्या पादचाऱ्यांची मोजणी त्याला पकडते. घरी बसलेली आजी, मुलाला कडेवर घेऊन रिक्षा करणारी आई, कुबड्या वापरणारा तरुण या मोजणीत कधी येतच नाहीत. उलट बाजूनेही फसगत होते. अभियंते जॉन फ्रुइन यांनी १९७१ मध्ये पादचारी मार्गांना श्रेणी देण्याची पद्धत मांडली, ती दर माणशी किती जागा मोकळी यावर चालते. स्थानकातल्या जिन्यावर किंवा गर्दीच्या बोगद्यात कोंडी होईल का, हे ठरवायला ती उत्तम आहे. पण अंधाऱ्या, भीतिदायक, म्हणून ओस पडलेल्या रस्त्याला त्या मापाने सर्वोच्च श्रेणी मिळेल. पदपथावर माणसं किती आहेत, या एकाच आकड्यातून चालण्याबद्दल फार थोडं समजतं. कोण आहेत, कोणत्या वेळी आहेत, हे लिहून घेतलं तर मोजणीला अर्थ येतो.

दोन्ही गोष्टी वेगळ्या ठेवण्याचा खरा उपयोग उपाय ठरवताना होतो. नदीकाठी झाडांच्या सावलीतला सुंदर, रुंद पदपथ असतो, आणि आसपास किलोमीटरभर ना दुकान ना शाळा. लोक तिथे संध्याकाळी फिरायला येतात, कामाला मात्र गाडीनेच जातात. तिथे फरशा बदलून काही होणार नाही. वस्तीची रचना बदलावी लागेल आणि त्याला दशकं लागतात. दाट वस्तीचं दुखणं बरोबर उलटं असतं. शाळा, बाजार, बसथांबा सगळं पिढ्यान्‌पिढ्या हाताशी आहे, अडतं ते सिग्नलच्या दहा सेकंदांवर, फूटपाथच्या मधोमध रोवलेल्या एका पेटीवर, दुभाजकात न ठेवलेल्या फटीवर. पेटी हलवायला आणि सिग्नलची वेळ वाढवायला शहराचा विकास आराखडा बदलावा लागत नाही. मात्र नोंदवहीत 'अंतर: ३०० मीटर, उत्तम' एवढंच लिहिलेलं असेल, तर ती पेटी कोणाच्या नजरेलाच येत नाही.