फिटची गोळी आणि पाण्यातला उंदीर

सांगली-मिरजेच्या औषधदुकानांत हा प्रश्न अधूनमधून ऐकू येतो. "अहो, ही तर फिटची गोळी! मला कुठं फिट येते?" चिठ्ठीवर लॅमोट्रिजिन लिहिलेलं असतं, दुखणं मात्र मनाचं. चूक कुणाचीच नसते. अमेरिकेत १९९४ साली फिटसाठी मंजूर झालेलं हे औषध २००३ साली बायपोलर आजारासाठीही, म्हणजे मन कधी फार चढतं तर कधी फार खचतं त्या दुखण्यासाठीही, मंजूर झालं.

फिटच्या रुग्णाला गोळी दिली आणि तो खुलला, तर औषधाने उदासी गेली की फिट थांबल्याने? माणसात हा गुंता सुटणं कठीण. फिट नसलेल्या उंदरात हा प्रश्नच उरत नाही.

उदासीविरोधी औषधं पारखण्यासाठी संशोधक पोर्सोल्ट यांनी १९७७ साली मांडलेली चाचणी अशी: उभ्या भांड्यात साधारण २५ अंशांचं पाणी आणि त्यात सहा मिनिटं उंदीर. आधी तो जिवाच्या आकांताने हातपाय मारतो, मग नाक तेवढं वर ठेवून तरंगत राहतो. शेवटच्या चार मिनिटांत तो किती सेकंद निश्चल होता, हे मोजायचं. इमिप्रॅमिनसारखं जुनं उदासीविरोधी औषध दिलेला उंदीर जास्त वेळ धडपडतो. अनेक प्रयोगांत लॅमोट्रिजिन दिलेले उंदीरही तसेच धडपडले. हे औषध चेतापेशींत सोडियम शिरण्याचे मार्ग रोखतं, त्यामुळे पेशींना चेतवणारं ग्लुटामेट हे रसायन कमी सुटतं. फिट आवरते ती मुख्यतः त्यामुळेच.

पण थांबा. नुसती तरतरी आणणारी ॲम्फेटामिनसारखी औषधंही उंदराला पाण्यात नाचवतात. म्हणून उंदराला ॲक्टोफोटोमीटरमध्ये, म्हणजे प्रकाशकिरणांनी हालचाल मोजणाऱ्या पेटीत, सोडून कोरड्यावरची वळवळ मोजतात. तिथे हालचाल वाढली नाही, तरच पाण्यातल्या धडपडीला अर्थ.

तरंगणाऱ्या उंदराला 'हताश' म्हणणं मला तरी पटत नाही. सुटका नाही हे कळल्यावर दम राखून ठेवणं हा शहाणपणाही असेल. शिवाय उंदरात तासाभरात दिसणारा असर माणसात यायला कित्येक आठवडे लागतात. आणि जुन्या औषधांवरून बेतलेली चाचणी त्यांच्याच भाऊबंदांना चटकन ओळखणार! अशा प्रयोगाला संस्थेच्या प्राणी नीतिसमितीची परवानगी लागते, ती उगीच नव्हे.

लॅमोट्रिजिनने काहींच्या अंगावर पुरळ उठतं, ते क्वचित जिवावर बेतू शकतं. पाण्यातल्या सहा मिनिटांत हे कळत नाही. डॉक्टर बहुधा २५ मिलिग्रॅमपासून सुरुवात करून एक-दोन आठवड्यांच्या अंतराने हळूहळू डोस चढवतात, ते याचसाठी. पुरळ दिसलं, तर त्याच दिवशी डॉक्टरांना गाठायचं.